पश्चात एक बंधू

"तुझ्या गावची एक बाई उद्या सकाळी येणार आहे," वॉल्ट संगणकाच्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "स्वतःच्या मृत्यूची बातमी घेऊन."

माझं इंग्रजी कमी पडलं असावं, असं मला वाटलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं आणि टेबलाचा खालचा खण पायाने उघडून दाखवला. आत जाडसर पाकिटं उभी लावलेली होती. त्यांत गावातल्या जिवंत माणसांचे मृत्युलेख होते. ज्याने त्याने स्वतः लिहून आणून दिलेले.

"जन्म, शाळा, नोकरी, बायको, चर्च. माणूस गेला की तारीख भरायची आणि छापायचं. चुका कमी होतात," वॉल्ट म्हणाला. "तुमच्याकडे काय करता?"

"आमच्याकडे नातेवाईक रडत येतात आणि नाव चुकीचं सांगून जातात," मी म्हणालो. तो हसला.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरातली. मी सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. छोट्या गावांतल्या पत्रकारांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत माझा नंबर लागला आणि तीन आठवड्यांसाठी मला आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, पोर्ट मर्सर नावाच्या गावी, वॉल्टच्या छोट्या दैनिकात पाठवलं गेलं. गाव आपल्या तासगावएवढं असेल. मुख्य रस्ता अजून विटांचा. दुकानांच्या माथ्यावर बांधल्याचं साल कोरलेलं, आणि बहुतेक सालं त्यांच्या यादवी युद्धाच्या आधीची. एके काळी इथे नदीतल्या शिंपल्यांपासून सदऱ्यांची बटणं होत. ते कारखाने कधीच बंद पडले, पण काठावर चालताना पायाखाली अजून गोल भोकं पडलेले शिंपले येत. गावाच्या आणि नदीच्या मध्ये पूर अडवणारी काँक्रीटची भिंत होती. वॉल्टचा पेपर पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात रोज नदीची पातळी छापायचा. बाकी जगाची बातमी त्याच्या खाली.

"माझ्या गावची म्हणजे मुंबईची?" मी विचारलं.

"तू सांगलीचा ना? तीही सांगलीचीच. डॉक्टर राजमती ब्रँट. गावातल्या निम्म्या फुप्फुसांना तिने कान लावलाय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पंचावन्नच्या पुढच्या, बारीक, केस कापलेले, अंगावर लांब राखाडी कोट. चेहऱ्याचा रंग पिवळट होता. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"सांगलीत कुठं?"

"खणभाग."

"कुणाचा?"

"पोतदारांचा. शशिकांत. वडील शाळेत होते."

"मी मगदुमांची. हळदीच्या पेठेतले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "भडंग आणलायस का रे येताना?"

तीस वर्षांत त्यांची मराठी जराही हलली नव्हती. कृष्णाकाठचा तो हेल जसाच्या तसा होता. मी आणलेला भडंग पहिल्याच आठवड्यात संपला होता. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग काय उपयोग तुझा?" आणि वॉल्टसमोर एक कागद ठेवला.

वॉल्टने तो पेन्सिल घेऊन वाचला. जन्म सांगली. मुंबईला वैद्यकीचं शिक्षण. पासष्ट साली इथल्या क्षयरोग इस्पितळात शिकायला आल्या. सदुसष्टमध्ये मालवाहू बोटींचा चालक अर्ल ब्रँट याच्याशी लग्न. अर्ल चार वर्षांपूर्वी गेला. मूल नाही. शेवटची ओळ होती: पश्चात एक बंधू, भूपाल मगदूम, सांगली.

वॉल्टची पेन्सिल तिथे थांबली.

"याला विचारलंस?"

"नाही."

"मग छापता येणार नाही. तुला माहितीये माझा नियम."

"मी गेल्यावर विचार."

"तू गेल्यावर तो नाही म्हणाला तर मी कुणाशी बोलू? एकदा एका मुलाचं नाव त्याच्या बापाखाली छापलं. तो मुलगा डेस मॉइनहून गाडी चालवत आला आणि पेपर या टेबलावर फाडून गेला. जिवंत माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय मी छापत नाही, रोझ."

गाव त्यांना रोझ म्हणत असे.

त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "म्हातारा हट्टी आहे. तसं मला याच्या पेपरात काय छापून येतं त्याचं फारसं नाही. हेच मराठीत करून तुझ्या पेपरात यायला पाहिजे. तेवढं कर."

मी म्हणालो, "नियम आमचाही तोच आहे, डॉक्टर." हे खरं होतं. शिवाय भूपाल मगदूम यांना मी ओळखत होतो. सगळी सांगली ओळखत होती. हळदीचे मोठे अडते. दिवाळीत आमच्या पेपराला अर्धं पान जाहिरात देत. लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांना बहीण आहे हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"घरी बोलणं नाही का?"

"नाही."

"कधीपासून?"

"तू मुलाखत घेतोयस की काय?" त्या म्हणाल्या. "चल, तुला गाव दाखवते. तीन आठवडे या म्हाताऱ्याच्या कोंदट हापिसात बसून तू काय बघणार."

आम्ही नदीवर गेलो. त्या हळू चालत होत्या, पण थांबत नव्हत्या. पूरभिंतीला मोठे लोखंडी दरवाजे होते, त्यातल्या एकातून आम्ही पलीकडे उतरलो. भिंतीच्या नदीकडच्या अंगाला वेगवेगळ्या वर्षांच्या पुरांच्या रेघा मारलेल्या होत्या. गेल्या वर्षीची, त्र्याण्णवची रेघ माझ्या डोक्यावरून हात वर केला तरी लागेना.

"आयर्विन पुलावर पट्ट्या आहेत अजून?" त्यांनी विचारलं.

"आहेत. यंदा कृष्णेचं पाणी फार चढलं नाही."

"किती?"

मी आकडा सांगितला. आमचा पेपरही पावसाळ्यात तो रोज छापतो, त्यामुळे तोंडपाठ होता. त्यांनी मान हलवली.

"मी सकाळी वॉल्टचा पेपर उघडते आणि आधी पातळी बघते. सगळं गाव बघतं. मग मनात आयर्विनची धरते. जूनमध्ये कमी, ऑगस्टमध्ये जास्त. अंदाजानं. अर्ल म्हणायचा, तू दोन नद्यांचा हिशेब ठेवतेस आणि चहात साखर घालायला विसरतेस."

एक बोट खालच्या दिशेने चालली होती. तिच्या पुढ्यात एकमेकांना बांधलेले पंधरा तराफे, प्रत्येक तराफा आपल्या मालगाडीच्या दहाबारा डब्यांएवढा. बोट मागून ते सगळं ढकलत होती. इंजिनाचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत होता.

"ओढत का नाहीत?" मी विचारलं.

"वळणावर दोर ढिला पडतो आणि मागचं सगळं अंगावर येतं. म्हणून ढकलायचं. हे मला लग्नाआधी तीनदा समजावून सांगितलं त्यानं. मला पहिल्यांदाच कळलं होतं. त्याचं बोलणं संपू नये म्हणून पुन्हा विचारत होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बोटीकडे पाहत होत्या.

"कसला आजार आहे?" मी विचारलं.

"स्वादुपिंड. कावीळ आताच दिसायला लागलीय. उन्हाळा बघणार नाही मी." एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं त्या म्हणाल्या. "तुझं लग्न झालंय?"

"झालंय."

"बायकोला वेळेवर फोन करत जा. महाग पडला तरी."

घरी नेऊन त्यांनी मला जेवायला घातलं. घर टेकडीच्या कडेवर होतं, लाल विटांचं, दाराशेजारी पितळी पाटीवर पहिल्या मालकाचं नाव आणि साल. खिडकीतून सगळी नदी दिसायची आणि पलीकडचा इलिनॉयचा सपाट काठ. सूर्यास्ताआधी ताटं मांडली. कांदा नाही, बटाटा नाही.

"अर्लसाठी मांस शिजवायचे याच चुलीवर," त्या म्हणाल्या. "मी कधी चाखलं नाही. दिवस मावळल्यावर जेवले नाही. तिकडं कुणाला खरं वाटणार नाही."

मी पुन्हा विषय काढला. वॉल्ट माझ्यावर काम टाकणार हे मला दिसत होतं. "मी अण्णांना फोन केला तर?"

"काय विचारशील?"

"तुमचं नाव घालू का, एवढंच."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"तर नाव येणार नाही. बातमी येईल."

"कुणाची? राजमती ब्रँट, अमेरिका? ती कोण? तिच्याशी सांगलीचा काय संबंध?" त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली. "त्याच्या नावाखेरीज ती बातमीच नव्हे, शशिकांत. तुला एवढंही कळत नाही, कसला रे तू उपसंपादक?"

"म्हणजे फोन करू?"

त्यांनी आमटीचं भांडं परत चुलीवर ठेवलं. "कर," त्या म्हणाल्या. "मी तिथं नसणार."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे सांगलीत संध्याकाळ, मी वॉल्टच्या टेबलावरून फोन लावला. वॉल्टला ऐकायची सवय होती, भाषा कळत नसली तरी, म्हणून त्याने स्पीकरचं बटण दाबून ठेवलं. अजून घंटा वाजत होती तेव्हाच दार उघडून राजमतीबाई आत आल्या. कोट न काढताच दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मी बटणाकडे हात नेला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"कोण बोलतंय?" अण्णांचा आवाज आला. मागे हमालांचा गलका.

"अण्णा, मी पोतदार. पेपरातून."

"अवो, तुम्ही अमेरिकेत गेलाय म्हणं? तिथनं फोन करताय? दिवाळीची जाहिरात पाठवलीय की मी परवाच. लईच पुढं गेला तुमचा पेपर."

"जाहिरातीचं नाही अण्णा. एका नावाबद्दल विचारायचं होतं. राजमती मगदूम."

मागचा गलका तसाच चालू होता.

"तुमच्या बहीण ना त्या? त्यांची बातमी तयार करतोय. निधनाची."

"कधी?" ते एकदम म्हणाले.

"अजून नाही. त्या आजारी आहेत. इथे रीत आहे, माणूस आपली बातमी आधीच करून ठेवतो. त्यांनी तुमचं नाव दिलंय. पश्चात बंधू म्हणून. तुमच्या परवानगीशिवाय छापता येत नाही."

"चेष्टा लावलीय का, पोतदार?"

"नाही."

"मग ऐका. तिची बातमी आमच्या घरात सदुसष्ट सालीच झाली. तिनं लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी बाबांनी तिच्या नावानं अंघोळ केली. आईला करायला लावली. मी सतरा वर्षांचा होतो. मला परड्यातल्या रांजणाजवळ उभा केलं आणि डोक्यावर घागर ओतली. मेलं माणूस. सुतक पाळलं, दारात लोक येऊन बसले. आता पुन्हा काय मरतीय ती?"

वॉल्टने मला भुवयांनी विचारलं. मी हाताने थांब म्हटलं. दाराजवळच्या खुर्चीकडे मी पाहिलं नाही.

"मग नाव घालू नको?"

"घालू नका. बाबा आज हयात नाहीत, पण त्यांचा शब्द हाय. माझं नाव..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि त्यांना खोकला आला. साधा नव्हे. खोलवरून आलेला, एकात एक अडकलेला. जरा थांबला असं वाटलं आणि पुन्हा सुरू झाला. तिकडे कुणीतरी पाणी आणा म्हणत होतं. मी वाट पाहत होतो. मला माझं उत्तर मिळालं होतं आणि फोन ठेवायला हरकत नव्हती.

"हा खोकला कधीपासूनचा आहे?"

राजमतीबाई टेबलापाशी येऊन उभ्या होत्या. फोनवर वाकल्या होत्या, मान एका बाजूला, कान खाली.

तिकडचा खोकला थांबला.

"दिवाळीपासून? पावसाळ्यापासून?"

"कोण बोलतंय?" अण्णा म्हणाले.

"खोकला कधीपासून आहे, ते सांग."

वॉल्ट कुजबुजला, "लाइन तुटली?" मी नाही म्हणालो.

"बेंदरापासनं," अण्णा म्हणाले. म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणापासून; तीन महिने होऊन गेले होते.

"सकाळी जास्त येतो की रात्री?"

"सकाळी."

"थुंकीत रक्त?"

"नाही."

"वजन?"

"उतारलंय थोडं. विजारी ढिल्या झाल्यात."

"संध्याकाळी अंग कणकणतं? घाम येतो?"

"येतो कधीकधी. हळदीची धूळ असती ना. पेठेत सगळ्यांनाच खोकला हाय."

"सगळ्यांचं मी विचारत नाही." त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता. "छातीचा फोटो काढलास?"

"कशाला फोटो. काढा घेतोय."

"काढा गटारात ओत. उद्या सकाळी मिरजेला जायचं. छातीचा फोटो काढायचा आणि थुंकी तपासायला द्यायची. तीन दिवस, सकाळची. घरात लहान पोरं आहेत?"

"नातू हाय. तीन वर्षांचा."

"त्याला जवळ झोपवायचं नाही आता. वेगळं भांडं घे. ऐकतोयस ना? उद्या जायचं."

"उद्या अमावस्या हाय, अक्का. परवा जातो."

तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. वॉल्टला काही कळत नव्हतं, पण त्याने पेन्सिल खाली ठेवली. राजमतीबाईंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी पुन्हा बोलायला घेतलं तेव्हा आवाज आधीसारखाच होता.

"अमावस्येला मशीन बंद नसतं, भूपाल."

"परवा रविवार हाय. सोमवारी जातो. नक्की जातो."

"सोमवारी मी फोन करेन. फोटो बघून डॉक्टर काय म्हणतात ते शब्दाला शब्द सांगायचं."

"बरं."

"आता पाणी पी. बसून पी."

"बरं."

त्यांनी स्वतःच बटण दाबून फोन बंद केला. मग खुर्चीत जाऊन बसल्या. वॉल्ट उठला, कॉफी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. मी कागद पुढे ओढला. शेवटच्या ओळीपाशी अजून त्याची पेन्सिलची खूण होती.

"पुन्हा विचारू का त्यांना?" मी म्हणालो. "नावाचं?"

"नको," त्या म्हणाल्या. "आता नको. आधी फोटो बघू दे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आवाज कसा झालाय रे त्याचा? बाबांसारखा. मला वाटलं, पोरसवदाच असेल."

बाहेर बोटीचा भोंगा झाला, बंधाऱ्याच्या दारांशी आल्याचा. वॉल्टच्या कार्यालयातली सगळी माणसं दिवसाकाठी दहादा तो ऐकत आणि कुणी मान वर करत नसे. राजमतीबाईंनी केली.

पुढच्या आठवड्यात मी परत आलो. अण्णांना क्षयच निघाला होता. औषधं सुरू झाली होती. पेठेत भेटले तेव्हा ते जाहिरातीविषयी बोलले, हवेविषयी बोलले, त्या फोनविषयी एक शब्द नाही. पण त्यांचे दिवाणजी एकदा मला म्हणाले की सोमवारी संध्याकाळी परदेशातून फोन येतो आणि मालक सगळ्यांना बाहेर घालवून दार लावून घेतात. तासतासभर. कोण मोठा व्यापारी आहे कळत नाही.

मार्चमध्ये वॉल्टचा फोन आला, आमच्या कार्यालयात. "रोझ शनिवारी गेली," तो म्हणाला. "झोपेत. तारीख भरलीय. शेवटची ओळ अजून तशीच आहे. तू त्याला विचारशील?"

मी पेठेत गेलो. हळदीचा हंगाम होता. सौदे चालू होते. फरशीवर पिवळे ढीग आणि प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं रिंगण. अण्णा एका ढिगात हात खुपसून उभे होते, बोली अर्ध्यावर होती. औषधांनी त्यांचं अंग भरलं होतं. मला पाहिलं आणि त्यांनी हात बाहेर काढला.

मी जवळ जाऊन सांगितलं. ते ऐकत राहिले. कोपरापर्यंत पिवळा झालेला हात तसाच पुढे धरून. मी म्हणालो, "अण्णा, विचारायचं राहिलं होतं. नाव..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. मागे वळून दिवाणजींना हाक मारली.

"दुकान बंद करा."

"ऐन सौद्यात?" दिवाणजी म्हणाले. "गिऱ्हाईक उभं आहे, अण्णा. काय झालं?"

"बहीण वारली माझी."

रिंगणातली बोली थांबली. दिवाणजी पंचवीस वर्षं त्या पेढीवर होते. ते अण्णांकडे पाहत राहिले.

"तुम्हाला बहीण होती?"

"होती," अण्णा म्हणाले. "परवापर्यंत होती."